दरवाढ सांगायची कोणी?

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू विजेच्या बाबतीत शिस्तीच्या. फ्रीजशेजारी टांगलेल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख आणि महिन्यातून एकदा मीटरचं रीडिंग असा सगळा संसार बारीक अक्षरात मांडलेला असतो. मे २०२४ मधली गोष्ट. दुपारची झोप मोडून त्या बिल घेऊन खाली आल्या. पंख्याखाली बसल्या, पदराने मान पुसली आणि बिल माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "युनिटं बघ आधी. मागच्यापेक्षा दोन कमीच आहेत. आता पैसे बघ." पैसे जास्त होते. फार नाही, चाळीस-पंचेचाळीस रुपये. मी म्हटलं, "दर वाढलेत काकू, एप्रिलपासून." मला वाटलं, आता सरकार, कंपनी, झालंच तर जमाना, सगळ्यांचा उद्धार होईल. तसं काही झालं नाही. बिलाची घडी घालत त्या म्हणाल्या, "वाढले असतील. सगळंच वाढतं. पण आधी सांगायचं तरी एखाद्याला. मी काय कुठे पळून जाणार होते?"

हे वाक्य मला बरेच दिवस पुरलं. कारण शोधायला बसले तर निघालं असं, की सांगितलं होतं. तेही तेरा महिने आधी. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने ३१ मार्च २०२३ रोजी महावितरणसह राज्यातल्या वीज कंपन्यांच्या दरांचे आदेश काढले, त्यात २०२३-२४ आणि २०२४-२५ अशा दोन्ही वर्षांचे दर एकदमच ठरवून टाकले होते. म्हणजे काकूंच्या बिलात मे महिन्यात उगवलेली वाढ आदल्या वर्षीच्या मार्चअखेरीसच कागदावर आली होती, वेबसाइटवर चढली होती. तेव्हाचे मथळे साहजिकच पहिल्या वर्षाच्या वाढीचे. दुसऱ्या वर्षाची वाढ बातमीच्या शेपटाला कुठेतरी. आणि एप्रिल २०२४ उजाडला तेव्हा सगळीकडे लोकसभेच्या निवडणुकीचे भोंगे. वर्षापूर्वी ठरलेल्या तीस पैशांची आठवण कोण कोणाला करून देणार?

काकू पेपर रोज वाचतात. कोडंसुद्धा सोडवतात.

कायद्याच्या बाजूने बघायचं तर आपल्याकडे वीजदरवाढ चोरपावलांनी येऊच शकत नाही. २००३ च्या वीज कायद्यानुसार कंपनीने आधी आयोगाकडे अर्ज करायचा, त्याचा सारांश लोकांसाठी प्रसिद्ध करायचा, लोकांच्या सूचना-हरकती घ्यायच्या आणि आयोगाने अर्ज मिळाल्यापासून १२० दिवसांत निकाल द्यायचा. रीत अशी की जाहीर सूचना दोन मराठी आणि दोन इंग्रजी दैनिकांत छापून येते. ही सूचना तुम्ही पाहिली असेल, वाचली नसेल. आतल्या पानावर, निविदा आणि 'मूळ दस्तऐवज गहाळ झाले आहेत' यांच्या शेजारी, मुंगीच्या आकाराच्या टायपात. एकूण महसुली गरज, महसुली तूट, बहुवार्षिक दर, मध्यावधी आढावा. आकडे कोटींत. त्या कोटींच्या रांगेत आपले पैसे कुठे बसलेत ते शोधायचं म्हणजे लग्नाच्या पंगतीतून आपली चप्पल शोधण्यासारखं. मजकूर खोटा अजिबात नसतो. वकिलाने तपासलेला असतो, आणि वाचताना ते कळतं.

केंद्र सरकारचे ग्राहक हक्कांचे नियम २०२० च्या शेवटच्या दिवशी आले. त्यांत म्हटलंय की दर बदलणार असतील तर ग्राहकाला एक पूर्ण बिलिंग सायकल आधी वेबसाइटवरून आणि बिलातून कळवावं. वाचून बरं वाटतं. आता आपल्याकडच्या मोठ्या दर-आदेशांच्या तारखा बघा: ३० मार्च २०२०, ३१ मार्च २०२३, २८ मार्च २०२५. आदेशात दर लागू होण्याची तारीख प्रत्येक वेळी १ एप्रिल. एका आदेशात आणि अंमलबजावणीत तर एका रात्रीचं अंतर. मार्चअखेर हा आपल्या सरकारी आयुष्याचा स्वभावच आहे म्हणा. सगळं वर्ष अंगणात लोळायचं आणि ३१ तारखेला दिवे लावून बसायचं.

बिलाबद्दल बोलायचं तर माझं त्याच्यावर थोडं प्रेम आहे. लहानपणी बिल आलं की ते उलटसुलट करून बघणं हा एक खेळ होता. पुढे मीटरचा फोटो छापून यायला लागला, काळपट, ठिपक्याठिपक्यांचा. त्यातले आकडे वाचता आले तर आपण जिंकलो. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, मग या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. पाच ओळींत एक अख्खी साखळी आहे: खांब उभे करणाऱ्याचे, वीज देणाऱ्याचे, ती तारेवरून वाहून आणणाऱ्याचे, कोळसा महागला त्याचे आणि शेवटी सरकारचे. यातली एखादी ओळ हलली तरी खालची रक्कम हलते, पण कुठली हलली ते दोन महिन्यांची बिलं शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. आणि पाठीमागच्या बाजूला, जिथे आपण भाजीचा हिशेब करतो, तिथे दरांचा तक्ता असतो. माझ्या मते सामान्य घरापर्यंत पोहोचणारी दरवाढीची खरी सूचना तीच. आता कागदी बिल नको म्हणून नोंद केली तर महावितरण बिलामागे १० रुपये सूट देतं, 'गो-ग्रीन' नावाने. कागद वाचतो, झाड वाचतं, दहा रुपये वाचतात. फक्त पाठीमागची बाजू जाते. मोबाइलवर येणाऱ्या मेसेजमध्ये रक्कम आणि मुदत असते, तक्ता नाही.

किती वाढलं, हा प्रश्न तर विचारूच नये. महावितरणचे २०२३ चे आकडे घेते, कारण राज्यातली बहुतेक घरं तेच आकडे पाहतात. शंभर युनिटांच्या आतल्या घराचा वीज आकार ३ रुपये ३६ पैशांवरून ४ रुपये ४१ पैसे झाला. सरळ भागाकार केला तर ३१ टक्के वाढ. पण त्याच वेळी वहन आकार १ रुपया ३५ पैशांवरून १ रुपया १७ पैशांवर उतरला. दोन्ही मिळवले तर वाढ १८ टक्क्यांच्या आसपास. आणि आदल्या पावसाळ्यापासून याच घराकडून इंधन समायोजन आकाराचे युनिटमागे ६५ पैसे घेतले जात होते. ते धरले तर ५ रुपये ३६ पैशांचे ५ रुपये ५८ पैसे, म्हणजे जेमतेम ४ टक्के. कंपनीने सांगितलेली सरासरी वाढ होती २.९ टक्के. ग्राहक संघटना मोठा आकडा धरून ओरडत होत्या, कंपनी छोटा आकडा धरून समजावत होती, आणि खोटं कोणीच बोलत नव्हतं. मला त्यातला ६५ पैशांचा भाग सगळ्यात चतुर वाटतो. ही रक्कम जेव्हा बिलात शिरली तेव्हा जाहीर सूचना नव्हती, सुनावणी नव्हती. कायद्यात वर्षातून एकदाच दर बदलायची मुभा आहे, पण इंधनाच्या सूत्राला तिथे सूट आहे. कोळसा महागला होता, आयातीचा तर फारच. कारण खरं होतं. पाहुणा म्हणून आलेली ओळ पुढच्या एप्रिलात घरचीच झाली, आणि मग 'वाढ फारशी नाही' असं म्हणता आलं.

मला यावर राग येतो का? पूर्ण नाही. कोळशाचे पैसे कोणीतरी द्यायलाच हवेत.

दरवाढ सांगणारा माणूस मी प्रत्यक्ष पाहिलाय. तो सिलिंडर घेऊन यायचा. आमच्या जुन्या घराला लाकडी जिना होता आणि खालून सिलिंडर चढायला लागला की तो सगळ्या वाड्याला कळायचा. प्रत्येक पायरीवर लोखंडाचा एक ठोका, मध्ये त्याचा श्वास, मग पुन्हा ठोका. दारात आला की तो सिलिंडर तिरपा करून, बुडाच्या कडेवर गोल फिरवत स्वयंपाकघरापर्यंत न्यायचा. नुकत्याच पुसलेल्या फरशीवर त्याची ओली, काळी चंद्रकोर उमटायची. आई सील बघायची, तो नॉब उघडून पाण्याचा थेंब टाकून दाखवायचा. एरवी हे सगळं मुकाट्याने चालायचं. पण दर वाढलेला असला की तो उंबऱ्यातच थांबायचा. खांद्यावरचा पंचा काढून तोंड पुसायचा आणि सिलिंडर आत घेण्याआधी पावती पुढे करून म्हणायचा, "वहिनी, या वेळी वाढलेत बरं का." आई म्हणायची, "परवाच तर वाढवले होते." तो म्हणायचा, "मी काय करू वहिनी?" आणि खरोखरच, त्याने काय करायचं होतं? दर दिल्लीत ठरलेला. त्याच्या हातात फक्त ती पावती, वरती बक्षिसी मिळेल की नाही याची धाकधूक. आई पैसे मोजून द्यायची, पण त्या दिवशी वरचे सुटे परत घ्यायची. मला त्याचं वाईट वाटायचं. आईचंही वाटायचं. तो बोलणी खाऊन खाली उतरायचा, रिकामा सिलिंडर खांद्यावर, आणि खालच्या बिऱ्हाडात पुन्हा तेच वाक्य. एका दुपारी एका वाड्यात त्याने ते किती वेळा म्हटलं असेल.

पेट्रोलची बातमी मात्र रात्री यायची. 'मध्यरात्रीपासून' हा शब्द बातम्यांत आला की बाबा जेवणाचा हात धुऊन थेट स्कूटरची किल्ली शोधायचे. पंपावर अर्धं गाव. पिवळ्या दिव्याखाली किडे, स्कूटरी ढकलत नेणारे लोक, आणि प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघून हसतोय, कारण वाचणार किती तर चहाचे पैसे हे सगळ्यांनाच ठाऊक. तरी जायचं. सरकारने चार तासांची का होईना, मुदत दिलीय आणि आपण ती वापरली, याचा तो आनंद असावा. १६ जून २०१७ पासून पेट्रोलचे दर रोज सकाळी सहाला बदलायला लागले आणि ती रांग संपली. २२ मार्च ते ६ एप्रिल २०२२ या दोन आठवड्यांत लिटरमागे १० रुपये वाढले, पण एका रात्रीत नाही. जवळपास रोज, बहुतेकदा ऐंशी-ऐंशी पैशांनी. बाबांनी कुठल्या रात्री निघायचं?

माझी भाची इंग्लंडात, लेस्टरला असते. तिला मी हे सगळं फोनवर सांगत होते तर ती म्हणाली, "मावशी, आम्हाला तर पत्र येतं. नावानिशी." तिकडे वीज आणि गॅस विकणाऱ्या कंपन्या अनेक, त्यांच्यावर ऑफजेम नावाचा नियामक. पण त्या शहाण्या देशातही २०११ पर्यंत दर वाढवल्यानंतर कामकाजाच्या ६५ दिवसांपर्यंत कळवलं तरी चालत असे. म्हणजे तीन महिने वाढीव दराने शेगडी पेटवल्यावर पत्र येणार की, बाई, दर वाढलाय. मग आरडाओरडा झाला आणि ३० दिवस आधी कळवणं बंधनकारक झालं. २०१९ पासून तिथे दरांवर कमाल मर्यादा आहे, आणि ती बदलायची तर कितीतरी आठवडे आधी जाहीर करतात. २६ ऑगस्ट २०२२ ला असाच आकडा जाहीर झाला: सर्वसाधारण घराला १ ऑक्टोबरपासून वर्षाला ३,५४९ पौंड. त्याआधी तोच १,९७१ होता. युक्रेनच्या युद्धाने गॅसचे भाव पेटलेले. पुढे सरकारने मध्ये पडून तो आकडा २,५०० वर आणून थांबवला. भाचीला कंपनीचं पत्र आलं. त्यात तिच्याच घराच्या वापरावरून वर्षाचा अंदाजे खर्च काढलेला, जुना दर, नवा दर, स्थिर आकार, सगळं सुटं सुटं. गंमत म्हणजे इतकं करूनही तिथे कित्येकांचा समज असा की ३,५४९ ही बिलाची कमाल रक्कम. त्याच्या वर बिल जाणारच नाही, मग हीटर कितीही चालवा. मर्यादा दरावर होती, वापरावर नव्हती. मी भाचीला म्हटलं, "तुमचं बरंय गं, सगळं कळतं तरी." ती म्हणाली, "कळतं ना. दोन स्वेटर घालून बसून कळतं."

आमचा मामा मात्र कळण्यावर थांबणारा नव्हे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्याने सूचना-हरकती हा छंद केलाय. एकदा मी त्याच्यासोबत पुण्याच्या काउन्सिल हॉलमध्ये वीजदराच्या सुनावणीला गेले होते. तिथे गेलं की कळतं, दरवाढीची बातमी कोणाकोणापर्यंत वेळेवर पोहोचते ते. यंत्रमागवाले आले होते, कारखानदारांच्या संघटना आल्या होत्या, शेतीपंपांवर बोलणारे आले होते. 'प्रयास'सारख्या संस्थांचे अभ्यासक अशा ठिकाणी कंपनीच्याच तक्त्यांतली गफलत कंपनीला दाखवतात. वीज ग्राहक संघटनेचे प्रताप होगाडे वर्षानुवर्षं हेच करत आलेले. ही माणसं नसती तर आपलं काय झालं असतं, हा विचार तिथे बसल्याबसल्या येतो. घरगुती ग्राहक म्हणून बोलायला उठलेले बहुतेक सगळे निवृत्त गृहस्थ. प्रत्येकाकडे कापडी पिशवी, पिशवीत फाईल, फाईलमध्ये दहा वर्षांची बिलं. बाई म्हणून माझ्यासारख्या सोबत आलेल्याच जास्त. घरात दिवा कधी लावायचा, गीझर कधी बंद करायचा, हे ठरवणाऱ्या बायका त्या वेळी घरीच होत्या.

मामाची पाळी आली. त्याने महसुली तुटीला हातच लावला नाही. खिशातून भिंग काढलं, पेपरमधली ती जाहीर सूचना उंच धरली आणि म्हणाला, "अध्यक्ष महोदय, ही सूचना मी यातून वाचली. ज्यांच्याकडे भिंग नाही त्यांच्यापर्यंत ती पोहोचली असं मानायचं का?" सभागृह हसलं. कंपनीचे अधिकारीही हसले. तरुण पोरं होती, फायलींचे गठ्ठे घेऊन सकाळपासून बसलेली, त्यांच्या घरीही बिलं येतच असणार. मग पुढचं नाव पुकारलं गेलं. काही महिन्यांनी शेकडो पानांचा इंग्रजी आदेश आला. त्यात शेवटी सुनावणीला हजर असलेल्यांची यादी असते. मामाने तेवढं पान छापून आणलं. आडनाव चुकलं होतं, पण होतं. त्याने पेनाने दुरुस्त केलं आणि फाईलला लावलं.

२०२० साली तर सुनावण्या झाल्या, आदेश निघाला आणि देशाला कुलूप लागलेलं. ३० मार्चचा आदेश. पेपर दारात यायचे बंद, मीटर वाचायला माणूस यायचा बंद. दोन महिने सरासरीची बिलं आली आणि जूनमध्ये सगळं एकदम अंगावर. त्यात घरात बसून जाळलेल्या उन्हाळ्याची वीज किती, नवा दर किती आणि सरासरीतून राहिलेली बाकी किती, हे वेगळं करता करता लोक रडकुंडीला आले. भर उन्हात बिल भरणा केंद्रांसमोर रांगा, तोंडावर मास्क, हातात बिल. त्या रांगेतल्या फार कमी लोकांना माहीत होतं की मधल्या काळात दरच बदललाय.

आणि कधी कधी दर उतरतो, तेव्हा काय होतं तेही बघण्यासारखं आहे. २८ मार्च २०२५ ला दर कमी झाल्याचा आदेश आला. पेढे वाटायच्या आत, २ एप्रिलला, महावितरणच्या विनंतीवरून आयोगाने स्वतःच्याच आदेशाला स्थगिती दिली. मग २५ जूनला सुधारित आदेश, १ जुलैपासून लागू. या वेळी बातमी थेट मुख्यमंत्र्यांकडून: शंभर युनिटांपर्यंतच्या घरांना १० टक्के कमी. ८ मार्च २०२४ ला सिलिंडर १०० रुपयांनी उतरणार हे पंतप्रधानांनी महिला दिनाची भेट म्हणून स्वतः जाहीर केलं होतं. उतरलेला दर सांगायला माणूस लगेच मिळतो, हसऱ्या फोटोसकट. नाही म्हणायला, ७ एप्रिल २०२५ ला, सिलिंडर ५० रुपयांनी वाढणार ते मात्र पेट्रोलियममंत्र्यांनी पत्रकारांसमोर बसून सांगितलं होतं. तेवढ्यापुरतं त्यांचं कौतुक.

२०२५ चं हे सगळं नंतरचं. काकू येऊन गेल्या त्याच आठवड्यात मी एक उद्योग करून बसले होते. सोसायटीच्या खाली, मीटरच्या खोलीबाहेर फळा आहे. त्यावर पाण्याच्या टाकीची सफाई आणि सत्यनारायणाची पूजा याशिवाय काही येत नाही. म्हटलं, आपणच लिहावं. साध्या मराठीत, मोठ्या अक्षरात, दर वाढल्याचं. लिहायला बसले आणि लक्षात आलं की हे भलतंच अवघड आहे. टक्के लिहावेत तर कुठले? पैसे लिहावेत तर प्रत्येकाचे वेगळे. 'वाढले आहेत' लिहिलं की कोणी वाढवले ते निसटतं. 'कंपनीने वाढवले' लिहावं तर मंजुरी आयोगाची. आयोगाचं नाव घ्यावं तर त्याआधी कोळसा, रेल्वे, कर्ज, गळती, शेतीपंप असा सगळा इतिहास सांगावा लागतो. तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं: 'एप्रिलपासून विजेचा दर वाढला आहे. पहिली शंभर युनिटं स्वस्त, त्यापुढची साधारण दुप्पट महाग. स्थिर आकारही वाढला आहे, म्हणजे घर बंद असलं तरी बिल थोडं जास्त येईल. सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल आलं तर घाबरू नये; बिल वाढलं की ठेवही वाढते.' खाली माझं नाव आणि फ्लॅट नंबर घातला. निनावी सूचनेवर माझा विश्वास नाही.

संध्याकाळपासून बेल वाजायला लागली.

पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांनी विचारलं, वाढवायच्या आधी सोसायटीची मीटिंग का घेतली नाही. त्यांना वाटलं, जिन्यातल्या दिव्यांचा दर मी वाढवलाय. सेक्रेटरी म्हणाले, लिहिलंत ते छान, पण आता लोक मला विचारतात, तर काढता का? एक मुलगी ठेवीचं बिल घेऊन आली आणि माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिली की मी आपोआप म्हणाले, "मी काय करू?" म्हटलं आणि कानावर लाकडी जिन्यावरचा ठोका आला. पुढच्या वर्षी नियामकाने, कंपनीने, मंत्र्याने कोणीही दारात येऊन हे सांगायला नकार दिला तर मी त्यांना समजून घेईन, असं त्या क्षणी वाटलं. फार वेळ टिकलं नाही ते. त्यांना निदान पगार मिळतो.

साडेनऊला तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा आला, नवीन लग्न झालेला. फारच हादरलेला. त्याची युनिटं झाली होती १०१, आणि फळ्यावरचं वाचून त्याला वाटत होतं की एका युनिटापायी सगळंच्या सगळं बिल दुपटीने लागणार. बायको घरी त्याच्याशी बोलत नव्हती, कारण ते एक युनिट त्याच्या इस्त्रीचं होतं म्हणे. मी सांगितलं, तसं नसतं, पहिली शंभर जुन्याच पायरीवर राहतात, महाग लागतं ते फक्त वरचं एक. त्याला पटेना. मग म्हटलं, "असं कर, बिलाच्या मागे तक्ता असतो, त्यातच दाखवते. बिल उलटं कर बरं."

त्याने मोबाइल उलटा केला.